पाच नंबरचं जॅकेट

आईला फोनवर सांगितलं, सोरोरिटी.
म्हणजे भिशी का गं? ती म्हणाली.
भिशी नाही. कॉलेजातल्या मुलींचं, आपल्याकडच्या मुलींचं,
ग्रीक अक्षरं असतात नावाला.
ग्रीक कशाला? आपल्याकडे काय अक्षरं कमी आहेत?
तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली
म्हणून वाचले.

फेब्रुवारीत, बफेलोत, रात्री अकरानंतर
पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही सातजणी पाय आपटायला शिकत होतो.
टाच, टाळी, मांडी, टाळी.
उंचीप्रमाणे रांग: सर्वांत बुटकी गुरलीन,
मग तहमिना, जिच्या बुटाचा तळ निघाला
आणि तिनं तो केसांच्या रबरानं बांधला.
तीन नंबर मी. चार अभिरामी.
पाच ओमावती पर्सॉड.
मागे मेहविश आणि प्रज्ञा थापा,
जिची टाळी खाली रस्त्यावर ऐकू जायची.

ओमावती क्वीन्सची. तिचे खापरपणजोबा
कलकत्त्याला जहाजात चढले, गयानात उसाच्या मळ्यात उतरले,
आणि कुणा कारकुनानं त्यांचा 'प्रसाद' वाकडा लिहिला
तो तसाच राहिला.
मुलाखतीत थोरल्यांनी तिला विचारलं होतं,
तू नक्की साउथ एशियन ना?
ती हसली. तिला ना हिंदी येत, ना भोजपुरी.
पण सातजणींत आजीला आजी म्हणणाऱ्या
आम्ही दोघीच.

मार्चमध्ये तिच्या वडिलांचं बेकरीतलं काम सुटलं.
फी तीनशे चाळीस डॉलर.
तिनं ग्रुपवर एक ओळ टाकली: सॉरी, मला नाही जमणार.
आम्ही सहाजणींनी सहा लाल बदाम पाठवले.
एकीची फी दुसरीनं भरायची नाही, असा नियम होता.
असं आम्ही म्हणतो.
नियम आहे का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

एप्रिलात कार्यक्रम झाला. थोरल्या म्हणाल्या,
तिची जागा भरू नका, मान द्या.
अभिरामी आणि मेहविशच्या मध्ये
एका मुलीएवढी हवा ठेवून आम्ही नाचलो.
टाच, टाळी, मांडी, टाळी.
त्या हवेला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

आईनं व्हिडिओ पाहिला.
मधे दात पडल्यासारखं काय गं दिसतंय?
सांगितलं.
बराच वेळ नुसता नळ वाहत होता तिकडे.
मग म्हणाली, इचलकरंजीला आमच्या भिशीत
शकूचे यंत्रमाग बंद पडले, नवरा घरी बसला.
तिला म्हटलं, तू हप्ता देऊ नकोस, पण चिठ्ठी टाक.
त्या महिन्यात पहिली चिठ्ठी तिचीच निघाली.
नशीब, मी म्हटलं.
नशीब कसलं? बाराही चिठ्ठ्यांवर
तिचंच नाव लिहिलं होतं आम्ही.

सख्खी, चुलत, मावस, आते, मामे,
आणि मानलेली.
मानायचे किती पैसे पडतात, आईला विचारलं नाही.

जॅकेट आधीच शिवून आलं होतं.
पाठीवर जांभळ्या दोऱ्यात पाच,
खाली तिचं नाव, यावेळी बरोबर लिहिलेलं.
महिनाभर ते माझ्या डिकीत आहे,
बर्फ खरवडायच्या फावड्याखाली.
दोनदा मेसेज लिहिला, दोनदा पुसला.

आज सिराक्यूजच्या पुढे पेट्रोल भरताना
मी ते एकदा घालून पाहिलं.
ती माझ्याहून उंच. बाह्या बोटांवर आल्या.
काढून घडी घातली, पुढच्या सीटवर ठेवलं.
अजून चार-साडेचार तास.
ओमावतीला काय सांगायचं ते ठरलेलं नाही.
आजीनं दार उघडलं
तर काय हाक मारायची, तेवढं मात्र येतं.